दीड आटा

यामाहाची आरएक्स १०० घरात आली, की नंबरप्लेटवरचा रंग वाळायच्या आत सायलेन्सरची पुंगळी बाहेर पडलेली असायची. नव्वदच्या आसपास कोल्हापुरात हा जवळजवळ संस्कारच होता. हार, लिंबू, पेढे, अंबाबाईच्या देवळापुढून एक चक्कर आणि तिथून थेट उद्यमनगर. पुंगळी म्हणजे सायलेन्सरच्या शेपटात बसवलेली भोकाभोकांची नळी. मागचा बोल्ट सोडवून पक्कडीनं ओढली की काजळीसकट हातात येते. ती निघाली की आवाज फुटायचा, आणि आवाज फुटला की गाडी पळायला लागली असं मालकाला वाटायचं. मग एअर फिल्टरची पाळी. तो काढायचा; काहीजण तर त्याच्या डब्यालाच भोकं पाडायचे. हवा जास्त आत, धूर मोकळा बाहेर, म्हणजे पिकअप वाढणारच. हिशेब कुणालाही पटेल असा होता. त्यात फक्त पेट्रोल धरलेलं नसायचं.

ते कळायचं हायवेवर. तिसऱ्या गिअरपर्यंत गाडी नुसत्या आवाजावर उडायची. चौथा टाकून अॅक्सिलरेटर पुरता पिळला की मात्र काहीतरी अडायचं. आवाज तोच, वेग वाढेना. गंमत म्हणजे अॅक्सिलरेटर जरासा मागं घेतला की उलट बरी ओढायची. इंजिनातून बारीक टिकटिक ऐकू यायला लागली की शहाणा मालक तिथूनच गाडी फिरवायचा आणि मिस्त्रीसमोर येऊन उभा राहायचा.

मिस्त्रीला सगळे मामाच म्हणत.

"मामा, गाडी वर ओढंना झालीया."

"काय काढलंयस?"

"काय न्हाई वो, फक्त पुंगळी."

मामा काही बोलायचे नाहीत. प्लगपाना पुढे करायचे. तापलेला प्लग चिंधीत धरून खोलायचा आणि उजेडाकडे करायचा. टोकाजवळची चिनीमाती पांढरीफटक.

"मग फिल्टर काय मी काढला?"

पुढची उलटतपासणी लागायचीच नाही. प्लग कॉफी कलरचा निघाला तर मिक्श्चर बरोबर. काळा आणि ओलसर निघाला तर पेट्रोल जास्त. पांढरा निघाला तर पेट्रोल कमी आणि हवा जास्त, म्हणजे हवेच्या वाटेत कुणाचा तरी हात पडलेला. मालकानं काय केलं हे मालकाआधी प्लग सांगायचा. त्या काळातल्या गाड्यांबद्दल एवढ्या गोष्टी सांगितल्या जातात, पण मला सगळ्यांत मोलाची वाटते ती हीच. गाडीशी केलेला कुठलाही खेळ त्याच दिवशी संध्याकाळपर्यंत उघडा पडायचा. लपवायची सोयच नव्हती.

कारण कार्बोरेटरला डोकं नसतं. तो डासांवर औषध फवारायच्या फ्लिटच्या पंपाचा थोरला भाऊ. वेगानं जाणारी हवा नळीच्या तोंडावरून गेली की तिथला दाब उतरतो आणि खालचा द्रव वर खेचला जातो. खाली फ्लोटच्या वाटीत बाहेरच्या हवेचा पुरता दाब, वर गळ्यात कमी दाब, आणि या दोहोंतल्या फरकावर पेट्रोल चढतं. पुस्तकातला हिशेब असा की एक भाग पेट्रोल नीट जळायला वजनानं १४.७ भाग हवा लागते. जोरात ओढायचं असेल तर पेट्रोल त्याहून थोडं जास्तच द्यावं लागतं. कंपनीचा फिल्टर हवेला अडवतो. त्यामुळे गळ्यातला दाब आणखी थोडा उतरतो आणि पेट्रोलला वर यायला तेवढी मदत होते. पेट्रोल मोजून सोडणाऱ्या जेटचा नंबर कंपनीनं ही अडवणूक धरूनच ठरवलेला असतो. फिल्टर काढलात की हवा वाढते आणि त्याच वेळी पेट्रोल खेचणारा फरक घटतो. दोन्ही बाजूंनी मार. पुंगळी काढून धुराची वाट मोकळी केली की त्यात आणखी भर.

गाडी अशी लीन झाली, म्हणजे पेट्रोल कमी आणि हवा जास्त झाली, की नुसती ताकद जात नाही. आत येणारं पेट्रोल इंजिनाला थोडं थंडही करत असतं, ते कमी पडतं. पिस्टन तापून फुगतो, सिलिंडरला घासतो आणि भरधाव गाडी मागच्या चाकासकट जाम होते. अशा वेळी क्लच दाबणारा वाचायचा. चेतक आणि जावावाल्यांची अवस्था तर याहून नाजूक, कारण त्यांचं ऑइल पेट्रोलमध्येच मिसळलेलं. पेट्रोल कमी म्हणजे ऑइलही कमी. आरएक्सला ऑइलची टाकी आणि पंप वेगळा होता, म्हणून ती थोडं जास्त सोसायची. एवढंच.

ही गाडी एस्कॉर्ट्सनं १९८५ च्या शेवटी आणली. सुरुवातीच्या गाड्यांचे भाग थेट जपानहून आलेले. ९८ सीसी, ११ हॉर्सपॉवर, वजन शंभर किलोच्या जरासं वर. आजच्या पोरांना हे आकडे ऐकून हसू येतं. पण शेजारी उभी असलेली तेव्हाची स्कूटर बघितली की ११ चा अर्थ कळतो. तिच्या पोटात मिकुनीचा २० मिलिमीटरचा कार्बोरेटर. हाताच्या मुठीएवढी वस्तू, दोन बोल्टवर टांगलेली.

मामांचं काम सुरू व्हायचं ते कार्बोरेटरची हवा कमी-जास्त करणाऱ्या एअर स्क्रूपासून. आधी गाडी फिरवून आणून गरम करायची. थंड इंजिनावर ट्युनिंग करणाऱ्याला ते गॅरेजमध्ये उभं करत नसत. मग स्लो, म्हणजे अॅक्सिलरेटर सोडल्यावरची इंजिनाची चाल, थोडा चढवायचा. एअर स्क्रू हलक्या हातानं पुरता आत, टोक मुडपू नये म्हणून शेवटी नुसत्या बोटांनी. तिथून अर्धा आटा बाहेर, पुन्हा अर्धा, मग पाव. एक हात स्क्रूड्रायव्हरवर आणि दुसऱ्या हाताचा तळवा सायलेन्सरच्या तोंडाशी. कान आणि तळवा दोन्हींनी ठोके घ्यायचे. एका जागी ठोके जलद आणि सलग होतात. तिथून आत गेलं की जड, बाहेर गेलं की चुकार. चांगल्या आरएक्सला ही जागा दीड आट्याच्या आसपास सापडायची. अडीच आटे सोडूनही सापडली नाही तर आतला स्लो जेट मोठा आहे असं समजायचं. अर्ध्या आट्यातच सापडली तर लहान. हे कुठल्या पुस्तकात वाचलंत म्हणून विचारलं तर मामा तेलकट तळवा पुढं करायचे.

स्लो झाला की निडल. अॅक्सिलरेटर चतुर्थांशापासून पाऊण उघडेपर्यंत कारभार या पितळी सुईचा. तिच्या डोक्याशी पाच खाचा आणि एका खाचेत अडकवलेलं तांदळाएवढं लॉक. लॉक एक खाच खाली सरकवलं की सुई वर उचलली जाते आणि पेट्रोल वाढतं. वर सरकवलं की उलट. काम दोन मिनिटांचं, पण लॉक सुटताना उडायचं आणि मग सगळं गॅरेज गुडघ्यांवर. उद्यमनगरच्या जमिनीवर लेथचा इतका कीस पडलेला असायचा की लोहचुंबक फिरवला तर मूठभर कीस चिकटून यायचा आणि त्यात ते लॉक शोधायचं. तरबेज पोरं चिंधीच्या आत हात घालून लॉक काढायची.

आणि शेवटी मेन जेट. अॅक्सिलरेटर पुरता उघडला की सुईचा संबंध संपतो. मग पेट्रोल किती यायचं ते पितळेच्या या इवल्या बोल्टाचं भोक ठरवतं. डोक्यावर नंबर कोरलेला. नंबर मोठा तितकं पेट्रोल जास्त. पुंगळी आणि फिल्टर काढलेल्या गाडीला पाच-दहा नंबर वरचा जेट लागायचा. पण तो मिळणार कुठं? पुण्याच्या नाना पेठेत एखाद्या दुकानात डबाभर जेट असायचे, त्यातले निम्मे नकली. एकाच नंबरच्या दोन जेटांतून वेगवेगळं पेट्रोल यायचं. म्हणून कोल्हापुरात सरळ जेट बोअर करायचे. उद्यमनगरात ऑइल इंजिनांचे भाग करणाऱ्या लेथवाल्यांची वाण नव्हती. घड्याळजीकडे असतो तसला बारीक ड्रिल हाताच्या चिमटीत धरून, फिरवून, भोक केसभर वाढवायचं. जास्त झालं तर शिशाचा टाका घालून बुजवायचं आणि पहिल्यापासून. काही महाभाग क्लच वायरची एक तार भोकातून घासून काम भागवायचे. मामा अशांच्या जेटला हात लावत नसत. भोक गोल राहिलं नाही की नंबराला अर्थ उरत नाही, असं म्हणून तो जेट ते सरळ नाल्याकडे भिरकावत. नवा घ्यायचे पैसे कुणाचे, हा प्रश्न मालकाचा.

जेट बसवला की कागलच्या बाजूला हायवेवर जायचं. चौथ्या गिअरात अॅक्सिलरेटर पुरता पिळून थोडं अंतर काढायचं, आणि त्याच वेगात एकदम चावी बंद, क्लच आत, गाडी कडेला. हळूहळू वेग कमी करून थांबलात तर प्लगवर स्लोचा रंग चढतो आणि परीक्षा वाया. रस्त्याच्या कडेला उकिडवं बसून, मागून ट्रक जात असताना, तापलेला प्लग खोलून बघायचा. अजून पांढरा? परत उद्यमनगर. शिवाय त्या काळी पेट्रोलमध्ये शिसं असायचं. देशभर शिसेमुक्त पेट्रोल झालं ते २००० साली. शिशाच्या पेट्रोलवर प्लगचा रंग ठसठशीत उमटायचा. नंतरच्या पेट्रोलवर तो फिका पडला आणि बऱ्याच जुन्या मिस्त्र्यांची नजर काही काळ चकली.

एवढं करून गाडी कोल्हापुरात बसली तरी ती कोल्हापुरापुरतीच. समुद्रसपाटीपासून दर शंभर मीटरला हवा साधारण एक टक्का विरळ होते. पन्हाळ्यावर गेलं की गाडी किंचित जड, प्लग काळसर. गगनबावड्याचा घाट उतरून मालवणला गेलं की हवा दाट आणि गाडी पुन्हा लीन. तिकडे पावसाळ्याआधीचा दमट उकाडा तर आणखी वेगळा. मामांकडून निघताना विचारलं जायचं, "कुठं जाणार?" आणि कोकण म्हटलं की निडल एक खाच वर. आज हे सांगितलं की पोरांना थाप वाटते.

आता थोडं कटू. त्या सगळ्या खटाटोपातून बहुतेक गाड्यांची ताकद वाढायचीच नाही. टू-स्ट्रोकचा सायलेन्सर ही धुराची साधी नळी नव्हे. त्याचा आकार असा मोजून केलेला असतो की बाहेर पडलेली दाबाची लाट आतून आपटून परत यावी आणि निसटू पाहणारं ताजं पेट्रोल सिलिंडरात मागं ढकलावं. पूर्व जर्मनीत एमझेड कंपनीच्या वॉल्टर काडेननं १९५०च्या दशकात हे शास्त्र रेसच्या गाड्यांवर घडवलं. त्याचा रायडर अर्न्स्ट डेग्नर १९६१ मध्ये पळून पश्चिमेकडे गेला आणि ते ज्ञान सुझुकीला मिळालं. तिथून सगळ्या जपानी टू-स्ट्रोकांत पसरलं. आरएक्सच्या ११ हॉर्सपॉवरमध्ये या चोरीचाही वाटा होता म्हणायला हरकत नाही. आणि आपण तिच्या शेपटात पक्कड घालत होतो. मामांना काडेन माहीत नव्हता, पण "आवाज हवा का पळायला हवी?" असं ते विचारायचे. उत्तर प्रत्येकाचं एकच असायचं, फक्त कबूल कुणी करत नसे.

आरएक्स १०० चं उत्पादन १९९६ मध्ये थांबलं. पुढच्या दहा वर्षांत प्रदूषणाच्या नियमांनी रस्त्यावरच्या टू-स्ट्रोक मोटारसायकली जवळपास संपवल्या, आणि मला त्याचं वाईट वाटत नाही. पावसाळ्याच्या संध्याकाळी चौकात साचलेला तो निळा धूर ज्यांनी हुंगलाय, त्यांनी त्याच्या आठवणीनं उसासे टाकू नयेत. कार्बोरेटर मात्र फोर-स्ट्रोकच्या पोटातून आणखी पुष्कळ जगला. हिरो होंडाच्या ग्लॅमरनं २००६ मध्ये फ्युएल इंजेक्शन आणलं. २००७ मध्ये बजाजनं पल्सर २२० इंजेक्शनसह काढली आणि दोनच वर्षांत तीच पल्सर कार्बोरेटर लावून परत आणली, स्वस्त करून. गिऱ्हाईकानं ती डोक्यावर घेतली. मग १ एप्रिल २०२० ला प्रदूषणाचे बीएस-सिक्स नियम आले आणि बहुतेक नव्या गाड्यांतून कार्बोरेटरची पाठवणी झाली.

माझा पुतण्या पुण्यात असतो. त्याच्या गाडीला त्यानं बाहेरचा सायलेन्सर आणि मोकळा फिल्टर लावून घेतला आणि ट्युनिंगला निघाला, तेव्हा मीही मागं बसलो. वाकडजवळच्या त्या गॅरेजात फरशी इतकी स्वच्छ की चपला काढाव्यात का असं वाटलं. गाडी रोलरवर बांधली, सायलेन्सरात सेन्सर खुपसला आणि ट्युनर पोरगी लॅपटॉप उघडून बसली. पडद्यावर चौकटींचा तक्ता. आडवे आरपीएम, उभं अॅक्सिलरेटर किती उघडा ते, आणि प्रत्येक चौकटीत त्या घडीला किती पेट्रोल द्यायचं त्याचा आकडा. मी बघत राहिलो. डावीकडचा वरचा कोपरा म्हणजे आपला एअर स्क्रू, मधला पट्टा म्हणजे निडल, खालच्या ओळी म्हणजे मेन जेट. तीन जागांचं काम आता शेकडो चौकटींत वाटलेलं, आणि प्रत्येक चौकट शेजारणीला धक्का न लावता बदलता येणारी. मामांना हे मिळालं असतं तर ते घरीच गेले नसते.

"पण हा सायलेन्सर लावून हा पोरगा महिनाभर फिरतोय," मी म्हटलं. "त्याला काहीच कसं जाणवलं नाही?"

"काका, साध्या चालवण्यात गाडी स्वतःच सांभाळून घेते," ती म्हणाली. "ऑक्सिजन सेन्सर धुरात बघतो, हवा जास्त दिसली की ईसीयू, म्हणजे गाडीतला कॉम्प्युटर, पेट्रोल वाढवतो. पूर्ण अॅक्सिलरेटरला मात्र तो सेन्सरचं ऐकत नाही, आतल्या तक्त्यावरच चालतो. तिथं ही लीन होती."

म्हणजे रोग तोच, जागाही तीच. फक्त गाडी महिनाभर निमूट झाकून घेत होती. पन्हाळा असो की मालवण, हवेचा दाब आणि तापमान तीच मोजून घेते. चोक नाही, किका मारणं नाही, एव्हरेज बरं, पिस्टन धरण्याची गोष्ट तर नव्या पोरांनी ऐकलेलीही नाही. यंत्र म्हणून ही गाडी शंभर टक्के सरस आहे आणि यात वाद घालणाऱ्याला मी कोल्हापुरी आरएक्सची किक भर पावसात मारायला लावीन. पण पुतण्याला स्वतःच्या गाडीत काय बदललं हे बिल हातात पडल्यावर कळलं, आणि तेही कागदावरच्या दोन रेषांमध्ये. आधीची लाल, नंतरची निळी. प्लग कुठं असतो ते त्याला अजून माहीत नाही. त्याचं काही अडलेलंही नाही. शिवाय मोठ्या आवाजाचा सायलेन्सर आता पोलीस काढून घेतात आणि रस्त्यावर ओळीनं मांडून वरून रोलर फिरवतात. मामांच्या वेळी दंडावर भागायचं.

एक मात्र झालंय. पंपावरचं पेट्रोल आता २० टक्के इथेनॉलचं. इथेनॉलला जळायला हवा कमी लागते, त्यामुळे १४.७ चा तो आकडा साडेतेराच्या आसपास उतरतो. नवी गाडी सेन्सरवरून उमगून पेट्रोल वाढवते. कार्बोरेटरला ते कुठून उमगणार? न काढलेली पुंगळी आणि कंपनीचा फिल्टर असलेली जुनी गाडीही त्यामुळे जराशी लीन चालते, जुने रबरी सील फुगतात ते वेगळंच. लाखाच्या वर मोजून आरएक्स घेणारी आणि नटवणारी मंडळी म्हणूनच पुन्हा जेट शोधत फिरतात. आता तो घरबसल्या पाकिटातून येतो, दहा नंबरांचा संच, प्रत्येक भोक गोल.

आणि कार्बोरेटर अजून रोज राबताना बघायचा असेल तर अलिबागच्या पुढं नागाव-काशीदच्या वाळूवर जावं. तिथं भाड्यानं फिरवायच्या चारचाकी क्वाड बाइक असतात. रस्त्यावर धावायच्या नाहीत, त्यामुळे रस्त्याचे नियम त्यांना लागत नाहीत, आणि पुष्कळांच्या पोटात छोटा कार्बोरेटरच असतो. या जातीशी आपलं एक नातंही आहे. अमेरिकेत १९८७ मध्ये आलेल्या यामाहाच्या बॅन्शी या क्वाडचं दोन सिलिंडरचं टू-स्ट्रोक इंजिन ज्या आरडी घराण्यातलं, त्याच घराण्यातली आपली राजदूत ३५०. तिकडे कॅलिफोर्नियाच्या वाळूच्या टेकड्यांवर बॅन्शीवाले सायलेन्सर आणि फिल्टर बदलून, जेटांचे डबे घेऊन, प्लग उजेडाकडे धरून उभे असायचे. उद्यमनगरात आणि त्यांच्यात भाषेचाच काय तो फरक.

नागावला एका क्वाडवाल्याची गाडी फटफट करून बंद पडत होती. त्यानं फिल्टरचा फोम काढून टाकला होता, वाळूनं सारखा चोंदतो म्हणून. प्लग खोलून बघितला, पांढरा. वर सिलिंडरात रोज वाळू जात होती ती निराळी. त्याला म्हटलं, फोम धुऊन वाळव, त्याला फोमचं तेल चोळ, पिळून परत बसव, आणि मग जेटचं बघू. आधी जेट वाढवू नकोस.

"तेल लावल्यावर वाळू जास्त चिकटणार ना, काका?"

"चिकटायलाच लावायचं," मी म्हटलं. "फोमला चिकटली तर पिस्टनच्या रिंगेपर्यंत जायची नाही."

त्यानं मान डोलावली आणि विचारलं, तेल कुठलं, गोडं चालेल का?